झुकलेली भुवई

"डावं मडगार्ड माझं. ते माझ्याकडून चुकलं होतं," देल्फिनोने एका दमात सांगून टाकलं. साठ वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर पडली आणि म्हातारा घामाघूम झाला.

लोरेदाना गाडीचा मूळ नकाशा हातात धरून बघतच राहिली. इटलीत, तुरिनमधल्या तिच्या गॅरेजात ती जुनी आलिशान गाडी रंग खरवडलेल्या अवस्थेत उभी होती. दिव्यांवर भुवईसारखी झुकलेली गाडीच्या मडगार्डांची रेष जगभर वाखाणली गेलेली. मूळ नकाशात मात्र ती बोटभर वर होती. गाडीचा इतिहास लिहायचा म्हणून तिने या पहिल्याच गाडीचा पत्रा लाकडी साच्यावर ठोकणाऱ्या दोघा कारागिरांना बोलावलं होतं. दुसरा कारागीर, चेलेस्तिनो, स्टुलावर बसून कॉफी ढवळत होता.

"पोरगी तापाने फणफणलेली. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता," देल्फिनो म्हणाला. "भोंगा झाल्यावर बघतो, तर रेष बोटभर खाली. म्हटलं, उद्या घरी बसायचं! सकाळी आलो, तर उजवंही तसंच. कारखान्याच्या साहेबांना तर ती रेष आवडलीच. मुकादम ओदासोंनी सांभाळून घेतलं मला, याच्याकडून उजवं जुळवून घेतलं. देवमाणूस! ते होते तोवर दर नाताळात बार्बेरा वाइनची बाटली नेऊन दिली मी."

"काका, उजवंही बघून घ्या ना एकदा," लोरेदाना म्हणाली.

देल्फिनोने उजव्या मडगार्डच्या आतून बोटं फिरवली. बारीक, एकसारखे ठोके. चेलेस्तिनोचा हात त्याने डोळे मिटूनही ओळखला असता. पण त्या ठोक्यांवर दुसरे होते, मोठे आणि घाईचे. त्याची बोटं तिथेच थांबली.

"अरे, हे तर पुरं झालं होतं. नकाशाबरहुकूम! वरून कोणी ठोकलं?"

"मीच."

"मुकादमांनी सांगितलं म्हणून?"

"तो? तो भोंग्याआधीच घर गाठायचा. त्याला कशाचा पत्ता!"

"आणि माझ्या बाटल्या?"

"प्यायला की मजेत. एकदा मलाही पाजली."

लोरेदाना फिसकन हसली. देल्फिनोला मात्र हसू येईना. त्याने चेलेस्तिनोचा सुरकुतलेला हात दोन्ही हातांत घेतला. आभार मानायचे होते. चुकीच्या माणसाला इतकी वर्षं दुवा देत राहिलो, याची लाजही वाटत होती.

"माझ्या घरात चूल पेटती राहिली ती तुझ्यामुळे, चेलेस्तिनो," तो कसाबसा म्हणाला. "पण माझं सरळ करायचं सोडून स्वतःचं चांगलं काम का रे बिघडवलंस?"

"तुझा ताणलेला पत्रा एका संध्याकाळात थोडाच मागे येणार होता?" चेलेस्तिनोने कॉफीचा घोट घेतला. "एकच मडगार्ड चुकलं असतं, तर देल्फिनो चुकला असता. दोन्ही सारखीच चुकली, म्हणून सकाळी सगळे साचा तपासत बसले."