कार्ड रिकामं करायचं मशीन

"आजवर माझ्या हातून एक फोटो हरवलेला नाही. एक!" कॅमेऱ्यातून कार्ड काढत हेमचंद्र म्हणाला. "आज तर मशीनच घेतो."

"अरे, दुसरं कार्ड घे ना साधं," त्याची बायको नीता म्हणाली.

"कार्ड काय, कोणीही घेतं."

दुपारचे दोन वाजले होते. सहाला ईस्ट कोस्ट भागातल्या एका कॉन्डोत, म्हणजे बड्या सोसायटीत, पद्माकरकाकांची साठी. तिथेही फोटोग्राफर हाच. घरचा लॅपटॉप परवाच गचकलेला, आणि असलेलं एकुलतं एक कार्ड सकाळच्या बारशाने काठोकाठ भरलेलं.

बारसं शहराच्या दुसऱ्या टोकाला यिशुनला, मित्रमंडळीतल्या निमिष आणि वल्लरीच्या फ्लॅटवर, त्यांच्या बाळाचं झालं होतं. वल्लरीची आई साधनाताई पाय मोडल्यामुळे पुण्यातच अडकल्या. त्यांनी शिवलेली कुंची तेवढी विमानाने आली. बाळाने ती तीन मिनिटं घातली आणि तिच्यावर दूध ओकलं. त्या तीन मिनिटांत हेमचंद्रने एकशे दहा फोटो काढले. बाकी कोणी एकही काढला नाही, कारण त्याने सगळ्यांना दम भरला होता, "मोबाईल खाली! माझ्या फ्रेममध्ये हात येतात." बिचारा नोकरीला जुरोंग आयलंडवर, तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात. तिथे गेटच्या आत कॅमेरा न्यायची बंदी. पाच दिवस दाबून ठेवलेला माणूस शनिवारी असा उसळायचा.

मशीन म्हणजे वर तळहाताएवढा स्क्रीन आणि पोटात हार्ड डिस्क. कार्ड खुपसायचं, फोटो आत ओढून घ्यायचे, तिथल्या तिथे बघायचे. इलेक्ट्रॉनिक्सच्या मॉलमध्ये अशी मशीनं पाच दुकानांत होती. म्हणजे पाचही दुकानं करणं आलं. पहिल्याच दुकानात वस्तू घेणारा माणूस हेमचंद्रच्या सात पिढ्यांत झाला नव्हता. शिवाय चाचणी स्वतःच्या कार्डावर, स्टॉपवॉच लावून.

पहिलं मशीन अकरा मिनिटं. "बैलगाडी," हेमचंद्र म्हणाला. दुसरं नऊ. "रिक्षा." दोन्हीकडे आत गेलेले फोटो त्याने लगेच पुसायला लावले. तिसऱ्या दुकानातल्या हसऱ्या लिमने डेमो पीस पुढे केला. "दिस वन व्हेरी फास्ट, बॉस." स्क्रीनवर चिनी अक्षरांत काहीतरी प्रश्न आला. हेमचंद्रने आत्मविश्वासाने हिरवं बटण दाबलं. सहा मिनिटं! तो तिथेच नाचायचा बाकी राहिला, आणि त्या भरात इथले फोटो पुसायला लावायचं विसरला.

"मग घे ना हेच," नीता म्हणाली.

"अजून दोन दुकानं आहेत."

चौथ्या दुकानातल्या मशीनने सांगितलं, फोटो शून्य. "डबडं! साधं कार्ड वाचता येत नाही." पाचव्यानेही सांगितलं, फोटो शून्य. हेमचंद्रला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "बघितलंस? सगळा भिकार माल. खरं मशीन एकच, तिसरं!" तो पळतच लिमकडे गेला आणि तेच मॉडेल घेतलं. डेमो पीस नाही हं. सील पॅक. सील त्याने चारी बाजूंनी नखाने खरवडून पाहिलं.

सरकत्या जिन्यावर नीता म्हणाली, "अरे, कार्डच रिकामं नसेल ना?"

हेमचंद्र हसला. मग त्याने कार्ड कॅमेऱ्यात घालून पाहिलं. मग तो वर जाणाऱ्या जिन्यावरून खाली उतरू लागला.

लिमच्या दुकानासमोर गर्दी होती. डेमो पीस टीव्हीला जोडलेला आणि पन्नास इंची पडद्यावर कुंचीतलं बाळ झळकत होतं. दोन शाळकरी मुली "सो क्यूट लाह!" करत होत्या. एक आजोबा पाकीट काढत होते. हिरव्या बटणाने फोटो आत ओढून कार्ड झाडून पुसून ठेवलं होतं.

"युवर बेबी व्हेरी लकी, बॉस. टू पीस सोल्ड," लिम म्हणाला.

हेमचंद्रने त्याला मिठी मारली. लिमने सगळे फोटो परत कार्डावर चढवून दिले. हेमचंद्रने ते चार वेळा मोजले. चारही वेळा एकशे दहा कुंच्या भरल्या.

"आता यातले डिलीट करा. माझ्यासमोर."

"राहू दे की इथे एक कॉपी," नीता म्हणाली.

"प्रायव्हसी नावाची काही चीज असते, नीता."

लिमने डिलीट केले. हेमचंद्रने वाकून खात्री केली.

टॅक्सीत वल्लरीचा फोन आला. "हेमचंद्रदादा, आई सकाळपासून फोटोंची वाट बघत शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरसमोर पाय लांब करून बसलीये. जेवायलाही उठत नाही."

"साधनाताईंना सांग, आज रात्री कुंची पोचते!"

कॉन्डोच्या हॉलमध्ये त्याने सील फोडलं. आत पुस्तिका होती: पहिल्यांदा आठ तास चार्ज केल्याशिवाय चालू करू नये. हेमचंद्र पुस्तिका पाळणारा माणूस. त्याने मशीन भिंतीला लावलं. लाल दिवा लागला. आल्यागेल्याला तो हात धरून तिकडे न्यायचा. "हे बघा. हजारो फोटो मावतात. आता कार्डाची चिंताच संपली!" प्रकाशला दाखवलं, स्मिताला दाखवलं, केटरिंगवाल्यालाही दाखवलं.

"बारशाचे यातच आहेत का?" प्रकाशने विचारलं.

"अजून नाही, पण जागा बघ ना किती आहे!"

"दादा, या लवकर!" आतून कोणीतरी ओरडलं. "औक्षण सुरू होतंय!"

साठ दिव्यांचं तबक उचललं गेलं. पद्माकरकाका पाटावर बसले, काकूंनी पदर सावरला, हेमचंद्रने गुडघा टेकून नेम धरला. कॅमेऱ्याने कार्ड भरल्याचं सांगितलं. प्रत्येक कार्यक्रमाआधी करायचा तसं त्याने कार्ड फॉरमॅट करून कोरं केलं आणि पद्माकरकाकांचे चारशे वीस फोटो काढले.