धोका शून्य

ओढ्याचं पाणी पायऱ्या चढून आलं, तरी गुरवकाकांनी देवळातली घंटा वाजवली नाही. एरवी घंटा झाली की अख्खी कुंभारआळी शाळेच्या माडीवर जाऊन बसायची. त्यामुळे आजवर कोणी बुडालं नव्हतं, आणि म्हणूनच ओढ्यातला गाळही कधी निघाला नव्हता. कुठला ओढा उपसायचा, हे आता पालिकेचं यंत्र ठरवायचं. पुरात घरी अडकलेली माणसं ते कातडीखालच्या चिपवरून मोजायचं आणि दर वेळी सांगायचं, "जीवितास धोका शून्य."

निवेदनं झाली, मोर्चे झाले. शेवटी सुलभा दाभाडेनेच आळीला बजावलं होतं, "यंदा कोणी हलायचं नाही. मग बघू गाळ काढायला कसे येत नाहीत ते!"

आता तिच्याच घरात कमरेएवढं पाणी होतं. तिने तान्ह्या लेकीला खांद्यावर घेतलं. तेवढ्यात भिंतीवरचा पालिकेचा धोक्याचा दिवा लाल झाला आणि वळणावरून गाळ उपसणाऱ्या मशीनची घरघर ऐकू आली.

"आलं एकदाचं!" कोणीतरी ओरडलं.

सुलभा दाराकडे निघाली. दिव्यातून गोड आवाज आला, "आपल्याकडे काम सुरू झालं आहे. धोका कमी झाल्यास मशीन दुसऱ्या ओढ्यावर पाठवलं जाईल."

ती जागीच थांबली. दारातून तिच्या नवऱ्याने हात पुढे केले. "निदान पोरीला तरी दे. शाळेत पोचवून येतो."

"दोन माणसं कमी होतील," सुलभा म्हणाली, आणि तिने लेकीला आणखी उंच धरलं.