धावपट्टीवरच्या कुरडया

भिलाईचा कारखाना बांधणाऱ्या मजुरांच्या बायकांनी नव्या धावपट्टीवर लुगडी अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या. वैमानिक कर्णिकांनी वरून दोन चकरा मारल्या, विमानाचे पंख हलवून इशारा केला. खालून बायकांनी हसत पदर हलवले. पेट्रोल संपत आलं, तेव्हा त्यांनी ते छोटं विमान शेजारच्या वावरात उतरवलं. बांधावर आपटून चाक मोडलं. कर्णिक मात्र धडधाकट बाहेर आले.

त्या बायकांमधल्या भागाबाईनं धावत येऊन पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मावशी, कुरडया घालायला दुसरी जागा नव्हती?" ते ओरडलेच.

"एवढी साफ जागा कुठं हाय बापा? साऱ्या भिलाईत धूळ उडून राहिली." मग मोडक्या चाकाकडे पाहून ती हळहळली. "पण तू वावरात कावून घुसला? तुयासाठी मधात बैलगाडी जाईन एवढी वाट सोडली होती ना!"