अंगठा

काकांच्या हृदयाला कसला ताळतंत्रच उरला नव्हता. मनाला येईल तेव्हा धावायचं, अडखळायचं, मध्येच दडी मारायचं. आज सर्जनने बरगड्यांमधून बारीक भोकं पाडून त्याला बाहेरून डाग दिले आणि दुसऱ्या डॉक्टरने मांडीच्या शिरेतून नळी घालून आतून. "दोन्हीकडून बंदोबस्त केलाय," असं सांगून दोघं चहाला गेले.

काकूंचा जीव मात्र टांगणीलाच होता. मशीनवरच्या रेघा त्यांना कळत नव्हत्या. त्यांचा भरवसा फक्त नाडीवर. घरी रोज उठल्या उठल्या त्या काकांचं मनगट धरून बसायच्या, तशाच आताही गुंगीतल्या काकांपाशी बसल्या. अंगठा दाबून डोळे मिटले आणि त्यांच्या काळजात धस्स झालं. तेच धावणं, तेच अडखळणं. उलट आज जास्तच!

"सिस्टर, धावा हो! यांचं परत सुरू झालं!"

सिस्टर धावतच आली. तिने मशीन पाहिलं, मग काकूंचा हात पाहिला आणि तिला हसू फुटलं.

"काय घाबरवलंत काकू! काकांचं हृदय अगदी शहाण्यासारखं चाललंय. नाडी बोटांनी बघायची. अंगठ्याने बघितली की आपलीच लागते."

"अगं बाई!" काकूंनी सुटकेचा श्वास सोडला. "मग ते अडखळत होतं ते..."

वाक्य पुरं व्हायच्या आत सिस्टरने त्यांचं मनगट हातात घेतलं होतं, आणि आता ती हसत नव्हती.