न फोडलेली बरणी

“पप्पा, साखरेची बरणी मी फोडली.”

घड्याळजींचा चिमटा हवेतच थांबला. डोळ्याचं भिंग काढून त्यांनी दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. नऊ वर्षांची पोर, हात मागे बांधलेले, चेहरा अगदी गरीब गाईसारखा. आता गंमत अशी, की बरणी घड्याळजींनी स्वतःच फोडली होती. आज सकाळी, चहा करताना, कोपर लागून. बायको कामाला निघायच्या गडबडीत होती. तिला कशाला सांगा, म्हणून त्यांनी काचा कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात पार तळाशी सारल्या. संध्याकाळी सांगू म्हणाले आणि विसरून गेले. मोठ्या माणसांचं विसरणं असंच सोयीचं असतं!

खरं तर या घराचा एक नियम होता, आणि तो त्यांनीच केला होता. लहानपणी त्यांनी वडिलांच्या पट्ट्याचा मार पोटभर खाल्ला होता. म्हणून आपल्या घरात मारायचं नाही, ओरडायचं नाही. ज्याची चूक झाली त्याने आपल्या पायांनी यावं, आपल्या तोंडाने सांगावं. मग घड्याळजी हातातलं काम खाली ठेवत, दार लोटून घेत, लेकराला बाकावर शेजारी बसवत. काय झालं, कसं झालं, मनात काय आलं, सगळं सावकाश विचारत. शेवटी दोघं हात धरून प्रार्थना करत आणि ते म्हणत, “प्रभूने क्षमा केली, मीही केली. विषय संपला.” अर्धा तास सहज जाई. गिऱ्हाईक बाहेर ताटकळलं तर ताटकळलं. चर्चच्या पाळकसाहेबांनी चारचौघांत या नियमाचं कौतुक केलं होतं, तेव्हापासून घड्याळजींची छाती जरा फुगलेलीच असे.

पण न केलेल्या चुकीची कबुली? हे भलतंच. ते संडे स्कूलला शिकवत. चूक करून कानावर हात ठेवणारी पोरं त्यांनी ढिगाने पाहिली होती. हा उलटा कारभार कुठला?

“कशी गं फुटली?” त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं.

“हात लागला. खळ्ळकन पडली.”

“आणि काचा?”

“कचऱ्याच्या डब्यात. कागदात बांधून.”

म्हणजे कचऱ्याचा डबा रिकामा करायला गेली असणार आणि तळाशी पुडी दिसली असणार. तेवढ्यावरून पोरीने अख्खी बरणी आपल्या नावावर लावून घेतली होती!

बंद पडलेलं घड्याळ उघडलं की कुठलं चाक अडलंय ते त्यांना चटकन दिसे. इथे काही दिसेना. धाकट्या भावाला वाचवते म्हणावं, तर तो गेले दोन दिवस आत्याकडे होता. मग त्यांना मागचं आठवू लागलं. पडद्यावरचा शाईचा डाग हिने कबूल केला होता, पण ही तर अजून पेन्सिलीनेच लिहिते! छत्रीची काडी हिने मोडली म्हणे, पण त्या दिवशी वाराच किती सुटला होता. पोर सराईतपणे खोटं बोलते. मारलं नाही, ओरडलो नाही, त्याचं हेच फळ? आपले वडीलच बरोबर होते की काय?

आणि मग एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्याचा दोष आपल्या माथी घेणं! क्रुसावरच्या प्रभूबद्दल हेच तर आपण हिला शिकवलं! एवढीशी पोर, आणि केवढं शिकली! येत्या रविवारी वर्गात हे कसं सांगायचं, त्याची वाक्यंसुद्धा मनात जुळू लागली.

त्यांनी दार लोटलं आणि लेकीला शेजारी बसवलं. ती सुखाने त्यांना टेकली.

“बाळा, बरणी मी फोडली. सकाळी. आणि लपवलीही मीच. चुकलं माझं.”

“तुम्ही?” पोरीने डोळे विस्फारले.

“हो, मी. मग तू दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर का घेतेस? प्रभूने आपल्यासाठी घेतली, म्हणून ना?”

हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

“नाही,” ती फ्रॉकच्या बटणाशी चाळा करत म्हणाली. “मी चांगली वागले की तुम्ही वर न बघताच म्हणता, ‘शहाणी गं माझी, जा खेळ.’ चुकले तरच जवळ बसवता.”