चहा कुणी टाकायचा

काजबटणवालीनं खोलीत पाऊल टाकलं आणि ती दारातच थबकली. वस्तीच्या मदतनिधीची बैठक भरली होती आणि सतरंजीवर, न्हावी आणि पेपरवाल्याच्या मधोमध, ती ज्या कपड्यांच्या कारखान्यात काजंबटणं करायची त्याचे मालक मांडी घालून बसले होते. याच वस्तीत लहानाचे मोठे झालेले, निधीत दर महिन्याला पैसे टाकणारे, हे तिला कुठं ठाऊक! ज्यांच्याविरुद्ध मदत मागायची, नेमकं त्यांच्याच पुढ्यात बोलायचं. बोललं तर नोकरी जाणार. नाही बोललं तर बाकीच्या बायकांना काय तोंड दाखवणार?

ती बोलली. कारखान्यातल्या संडासाची किल्ली सुपरवायझरच्या खिशात असते, त्याची मर्जी होईल तेव्हाच निघते, म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. कुणी तक्रार केली की मालक तिला एकटीला बोलावून घेतात, गोड बोलतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ती बाई मूग गिळून बसते. म्हणून सगळ्यांना एकत्र बसायला एक खोली हवी, निधीनं तिचं भाडं द्यावं. तिनं एक शब्द गाळला नाही.

निधी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं. इथला नियम साधा होता. कुणी कितीही पैसे देवो, मत एकच. आणि ज्याचा प्रश्न असेल त्यानं मत द्यायचं नाही, आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकायचा. नर्सबाईंनी मालकांकडे बोट केलं, मग तिच्याकडे. मालक कुरकुरले, पण उठले. तेही काही कमी नव्हे म्हणा!

स्वयंपाकघर ते केवढं. एक वळला की दुसऱ्यानं भिंतीला चिकटायचं. मालकांना शेगडी पेटवता येईना. तिनं पेटवली आणि त्यांच्यापुढे कप सरकवले.

"इथं सगळ्यात जास्त पैसे मी देतो," मालक कप विसळता विसळता पुटपुटले.

"तरी कप तुम्हीच विसळताय," ती बोलून गेली, आणि तिनं जीभ चावली.

मालक चिडले नाहीत. उलट आवाज खाली आणून समजावू लागले. मागणी मागे घे, पुढच्या महिन्यापासून सुपरवायझर तूच. पगार वाढेल, किल्ली तुझ्याच हातात राहील. खोटं कशाला बोला, क्षणभर तिचं मन डळमळलं. घरात गरज काय थोडी होती? मग डोळ्यांसमोर आलं, कोपऱ्यातल्या मशीनवरची गरोदर पोरगी खालमानेनं आपल्याकडे किल्ली मागतेय.

"किल्ली कुणाच्याच हातात नको, मालक. कुलूपच काढा."

तेवढ्यात बाहेरून नर्सबाईंचा आवाज आला. खोली मिळाली होती, एकमतानं. काजबटणवालीचे डोळे भरून आले, ते तिनं पदरानं पुसले आणि चहा गाळायला घेतला.

मालकांनी ट्रे पुढे धरला.

"सोमवारी केबिनमध्ये ये. बोलू."

"येऊ की. सगळ्याजणी येऊ."

"एवढ्या जणी मावणार आहात का केबिनमध्ये?"

तिनं शेवटचा कप भरून ट्रेमध्ये ठेवला.

"मग तुम्ही बाहेर या."