पटावरचं दहावं नाव

मॉनिटर चौथ्यांदा नापास झाले, आणि तेही त्याच पेपरात. मनुष्यबळ व्यवस्थापन. बाईंनी निकालाचा कागद दोनदा वाचला आणि कपाळाला हात लावला.

व्यवसाय प्रशासनाच्या पदविकेचा हा वर्ग दर रविवारी सकाळी एका प्राथमिक शाळेत भरायचा. बाकी अभ्यास ज्याने त्याने घरी, पोस्टाने आलेल्या पुस्तकांतून करायचा. बाकं सात वर्षांच्या मुलांच्या मापाची, आणि बसणारे संसाराला लागलेले. गुडघे कुठे ठेवायचे हाच पहिला धडा. मॉनिटर सगळ्यांत वडील. बस डेपोच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. पदविका नाही म्हणून तीनदा बढती हुकली होती. तो कागद हातात आल्याशिवाय चैन पडायची नाही, असं त्यांनीच बाईंना सांगितलं होतं. वर्गात सर्वांत जुने, म्हणून नाव पडलं मॉनिटर.

बाईंना कळेना ते एवढंच, की हाच माणूस बाकीच्यांना तो विषय समजावून द्यायचा. रुसलेल्या कामगाराशी कसं बोलावं, कुणाला कुठलं काम द्यावं, हे पुस्तकापेक्षा त्यांच्या तोंडून चटकन डोक्यात शिरायचं. परीक्षेत मात्र दरवेळी पंचवीस, अठ्ठावीस. एकदा भाजी घेताना त्यांची बायको भेटली. ती म्हणाली, "बाई, आमच्या ह्यांचा नाद सोडा. मेंदूला गंज चढलाय, स्टोअरमधल्या पत्र्यासारखा." मॉनिटर शेजारीच पिशवी धरून उभे होते. ते नुसते हसले.

यंदा बाईंनी हट्टाने त्यांच्या उत्तरपत्रिकेची नक्कल मागवली. ती आली तेव्हा त्या उभ्याउभ्याच वाचायला लागल्या आणि मग खुर्ची ओढून बसल्या. सगळे प्रश्न सोडवलेले होते. अक्षर मोत्यासारखं. शेवटच्या चार उत्तरांवर मात्र पट्टीने एकेक तिरपी रेघ मारून खाली ‘रद्द’ लिहिलं होतं. खोडलेलं कुणी तपासत नाही. बाईंनी तपासलं. बेरीज ऐंशीच्या घरात गेली.

रविवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी ती नक्कल मॉनिटरांपुढे ठेवली.

"या रेघा कशाला मारल्यात?"

मॉनिटरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाई, पटावर नावं किती आहेत?"

"दहा."

"आणि दहाच्या खाली गेली की?"

बाईंना उत्तर ठाऊक होतं. ते परिपत्रक त्यांच्याच कपाटात होतं. दहापेक्षा कमी विद्यार्थी असतील ते केंद्र बंद, उरलेल्यांनी शहरातल्या केंद्रात जायचं. शहर तीन तासांवर. कापडदुकानात काम करणारी एक पोर तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन वर्गात बसायची. ती तिथे कुठली जाणार? दरवर्षी काही जण पास होऊन जात, काही नवे येत, आणि आकडा कसाबसा दहावर येऊन थांबे. बाई त्याला आपलं नशीब समजत आल्या होत्या.

"कुणीतरी मागे थांबायला हवं ना," मॉनिटर म्हणाले. "मला कुठे आता बढती घ्यायचीय?"

बाईंना भरून आलं. रागही आला. "पुढच्या वर्षी तुमच्या नोंदणीची मुदत संपते," त्या म्हणाल्या. "पास झालात काय, नापास झालात काय, नाव जाणारच. निदान तो कागद तरी घ्या."

मॉनिटरांनी पटावरच्या नावांवरून एकदा बोट फिरवलं. मग नक्कल घडी करून खिशात घातली आणि घरी गेले.

पुढच्या परीक्षेत ते त्र्याऐंशी गुण मिळवून केंद्रात पहिले आले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. कापडदुकानातल्या पोरीने सगळ्यांत जास्त वाजवल्या. तिचे अजून दोन पेपर राहिले होते. बाईंनीही वाजवल्या, पण त्यांचं लक्ष टाळ्यांत नव्हतं.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी बाई पट घेऊन वर्गाकडे निघाल्या. पटावर नऊ नावं, आणि प्रवेशाची मुदत त्याच दिवशी संपत होती. केंद्र बंद होणार हे वर्गाला कोणत्या तोंडाने सांगायचं, याची त्या मनातल्या मनात जुळवाजुळव करत होत्या. एकही वाक्य धड जमत नव्हतं.

पहिल्या बाकावर, मॉनिटरांच्या जागी, त्यांची बायको बसली होती. पुढ्यात कोरी वही, टोक केलेली पेन्सिल आणि प्रवेशाचा भरलेला अर्ज.

"पास झाल्यापासून ह्यांचा तोरा बघवत नाही, बाई," ती म्हणाली. "मला म्हणतात, तुला नाही जमायचं, फार अवघड असतं. म्हटलं, ज्यांना एका पेपराला पाच वर्षं लागली त्यांनी मला सांगू नये. बघतेच मी."

बाईंनी अर्ज घेतला आणि पटावर दहावं नाव लिहिलं. मान वर केली तर खिडकीबाहेर मॉनिटर पिशवी धरून उभे. त्यांनी हळूच ओठांवर बोट ठेवलं.

"खरंच का हो तो मनुष्यबळाचा पेपर एवढा अवघड आहे?" बायकोने विचारलं.

"फार अवघड," बाई म्हणाल्या. "मीसुद्धा तो तुमच्या ह्यांच्याकडूनच शिकले."